मॅडम एकदाच विचारते

सुरभीनं बापाला फोन केला तो माझ्या पाठीमागे. मी नळावर होते. यवतमाळात नळ येतो तो जावयासारखा. कधी येईल ते सांगत नाही, आणि आला की हातातलं सगळं टाकून त्याचीच सरबराई करावी लागते. पाण्याचा गुंड कमरेवर घेऊन खोलीत आले, तर पोरगी भिंतीकडे तोंड करून बोलत होती, "बाबा, मले घेऊन जा. मी नाई राहत इथं."

गुंड मला अलगद ठेवता आला असता. आपटला.

"दे इकडे तो फोन."

फोनवर गोपाल होता. गोपाल म्हणजे माझा थोरला, सुरभीचा बाप. मन त्याचं लोण्याचं. पोरगी रडायच्या आधी बापाचे डोळे भरतात. म्हणाला, "आई, पहिल्याच परीक्षेत रसायनात नापास झाली म्हणते. कायले छळाचं पोरीले? घेऊन येतो. दारव्ह्याले बी.ए.ले नाव टाकू, घरून येणं-जाणं करन."

"अन् मी काय इथं हवा खायले आली?" मी म्हटलं. "सुनांच्या हाती डबे-बरण्या सोपवून मी या खुराड्यात राहून राह्यली, ते पोरीनं आखाडात याव अन् भादव्यात परत जाव म्हणून?"

"पण तिले समजूनच नाई राह्यलं तर..."

"कोजागिरीले ये. त्याच दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा हाय. त्यातही नाई जमलं तर गादी, सिलिंडर अन् लेक, तिन्ही गाडीत टाकून ने. मीबी बसतो मागं. तोवर गाडीची चाबी हातात घेशीन तर याद राख."

गोपाल "हो" म्हणाला. मला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी भागीरथा. बोरी अरबच्या वामनरावांची बायको. घरी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, दारात ट्रॅक्टर आणि हाताखाली तीन सुना. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण मिठाची बरणी कोणत्या फळीवर ठेवायची तेसुद्धा आमच्याकडे मला विचारल्याशिवाय ठरत नाही. सुरभी बारावीला चांगली पास झाली, यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तिचा नंबर लागला, आणि हॉस्टेलच्या यादीत मात्र नाव नाही. म्हणून दारव्हा रोडवर खोली केली आणि स्वयंपाकाला मी आले. हे आता नवलाचं राहिलेलं नाही. कॉलेजाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून चक्कर मारा, खोलीखोलीत एक नातवंड आणि एक आजी सापडेल. नातवंड पुस्तकात पाहतं, आजी खिडकीतून.

खरं सांगायचं तर सुरवातीला मलाही करमत नव्हतं. गावात मी ओट्यावर नुसती खाकरले तरी तीन घरांतली माणसं सावध होतात. इथं मी दारात उभी राहून शेजारच्या पोरांना "गाडी इथं लावू नका बे" म्हटलं, तर ते म्हणाले, "ओके आजी." आणि लावली. पण मी काही फोन करून "मले घेऊन जा" म्हटलं नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला सुरभीच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"मॅडम चांगलं नाई शिकवत का?"

"शिकवते ना. डेहणकर मॅडम लय चांगली हाय. पण सगळं इंग्रजीत. आपल्याकडे बारावीपर्यंत पुस्तक इंग्रजी असलं तरी सर सांगत आपल्या बोलीत. हे भरभर निघून जाते, एक शब्द पकडला की चार सुटतात."

"मग तिले सांगत काहून नाई?"

"ती विचारते ना शेवटी. समजलं का म्हणते."

"मग तू काय म्हणते?"

"समजलं म्हणतो."

"अन् समजलं असते का?"

सुरभीनं मान हलवली. नाही.

"मग हो कायले म्हणते, भवाने?"

पोरगी ताटातला भात चिवडू लागली. मी वरणाची पळी उचलली. "वरण वाढू?"

"नको," ती म्हणाली.

मी वाढलं. ती खाऊ लागली. दोन घास गेले आणि माझा हात पळीसकट थांबला.

"तुले नको होतं ना?"

"पाहिजे होतं," ती खाली बघत म्हणाली. "पण एकदम हो कसं म्हणाव?"

घ्या. इथं सापडली गाठ. आमच्याकडे लेकराला दात यायच्या आधी हे शिकवतात की वाढणारीनं विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणावं. वाढणारी पुन्हा विचारते. पुन्हा नको म्हणावं. मग ती रागावते, ताट धरते, "माझी शपथ" म्हणते, आणि मग जेवण सुरू होतं. एकदाच विचारून पुढं जाणारी बाई आमच्या गावात नांदूच शकत नाही. आणि माझी ही नात वर्गात बसली ती पंगत समजून! मॅडमनं विचारलं समजलं का, हिनं मर्यादेनं हो म्हटलं, आणि वाट पाहत बसली की मॅडम पुन्हा विचारेल, जरा आग्रह करेल, मग सांगू हळूच. मॅडम फळा पुसून निघून गेली.

"मले वाटे पुन्हा विचारन," सुरभी म्हणाली. "ती एकदाच विचारते वो आजी."

मला आमच्या वामनरावांची आठवण झाली. गेल्या उन्हाळ्यात ते केळापूरच्या एका लग्नाला गेले होते. तिथं वाढायला भाड्याचे पोट्टे. एक आला, "जिलबी?" म्हणाला. हे म्हणाले, "नको नको." पोट्टा पुढं गेला. बट्टी, नको. भाजी, नको. नवरदेवाचे चुलत मामा आणि घरी येऊन माझ्याजवळ शिळी भाकर मागतात! लग्नघराला शिव्या देत होते, तेव्हा मी म्हटलं होतं, अहो, जग बदललं, आता पहिल्याच हाकेला ताट पुढं करायचं. ते सुधारले नाहीत. पण त्यांना बी.एस्सी. करायची नव्हती.

"उद्या हात वर कराचा," मी सुरभीला सांगितलं. "अन् म्हणाचं, नाई समजलं. बस. त्यात काय हाय?"

दुसऱ्या दिवशी आली ती चप्पल न काढताच पलंगावर बसली. हात अर्धा वर गेला, म्हणे. मग समोरच्या बाकावरच्या शहरातल्या पोरींनी मागं वळून पाहिलं आणि तिनं त्याच हातानं केस नीट केले.

माझा जीव असा तडफडला की स्वतः जाऊन त्या वर्गात बसावं आणि हिचा हात धरून वर करावा. पण तो उपाय काही रोज करता येत नाही.

"अन् ते प्रॅक्टिकल काय असते?" मी विचारलं.

"त्याचंच त जास्त भेव हाय. मॅडम एकेकीच्या हातात पुडी देते. पांढरी पूड. सगळ्या पुड्या पांढऱ्याच. अन् म्हणते, ओळखा."

"चाखून पाहाची."

"आजी! जीव जाईन."

"मग ओळखाची कशी?"

"याच्यात टाकून पाहा, त्याच्यात टाकून पाहा, जाळून पाहा. मोठा तक्ता हाय त्याचा. मी तो पाठ करतो, पण पुडी हातात आली की कुठून सुरू करू तेच समजत नाई. बाजूच्या पोरी धडाधड करत सुटतात. कोणाले विचाराव, त ते म्हणतील हिले एवढंही येत नाई."

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. गल्लीतून एक बाई आपल्या दोन पोरींना घेऊन चालली होती. मोठीच्या हातात कागदात गुंडाळलेली मातीची मूर्ती, त्यातून भुलोजीचा फेटा बाहेर डोकावत होता. दुसऱ्या दिवशी भादव्याची पुनव होती आणि मी, भागीरथा, ते विसरून बसले होते!

"सुरभी," मी म्हटलं, "उद्या वर्गातल्या पोट्ट्या घेऊन ये. भुलाबाई मांडाची हाय."

"कॉलेजात कोणी भुलाबाई नाई खेळत. हसतील मले."

"हसू दे. दात तरी दिसतील त्यांचे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, आणि भुलोजी म्हणजे तिचा नवरा शंकर. पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज सांजच्याला तिच्यापुढं टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की खाऊ. पण खाऊ फुकट मिळत नाही. घरची बाई झाकणाचा डबा हलवून दाखवते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. विचारायची मुभा, झाकणाला हात लावायची नाही. चुकली की सगळ्या हसतात, आणि चुकलेली सगळ्यांत जास्त हसते. माझा खाऊ ओळखता ओळखता बोरी अरबच्या पोरींची चंद्र डोक्यावर येईपर्यंत दमछाक होत असे. एकदा तर मी डब्यात उकडलेली अंडी ठेवली होती. सासू चार दिवस बोलली नाही. मला शांतता मिळाली.

दुसऱ्या दिवशी सुरभी दोघींना घेऊन आली. आणल्या म्हणजे काय, प्रयोगशाळेत शेजारी उभ्या राहतात म्हणून कसंबसं विचारलं होतं. एक ममता, राळेगावची. बाप एसटीत ड्रायव्हर. तोंड अखंड चालू. दुसरी जमनी, केळापूरकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. लहानपणापासून आश्रमशाळेत राहिलेली, आता सरकारी हॉस्टेलात.

ममतानं मूर्तीकडे पाहिलं आणि दारातच सांगून टाकलं, "आजी, आम्ही बौद्ध. आमच्या घरी देव नाई मांडत. मी गाणी नाई म्हणत, खाऊ फक्त ओळखीन."

"खाऊ काही देव नाई," मी म्हटलं. "अन् न ओळखता खाशीन तर मी तुले उठवून देईन. बस."

ती बसली. मला पोरगी आवडली. तोंडावर बोलणारं माणूस मला आवडतं, फक्त दिवसातून एकच पाहिजे.

मग गाणी झाली. सुरभीच्या तोंडून माशी गुणगुणावी तसा आवाज. मी एकटीच गळा काढून म्हटलं, तर वरच्या मजल्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे नंतर पाहिलं मी. मग डबा आणला, कानाशी हलवला. आतून धड आवाज नाही, नुसतं धबधब.

"पिझ्झा!" ममता ओरडली.

"तुझ्या बापानं एसटीत आणला का पिझ्झा? पुढं."

"लाडू! बटाटेवडा! साबण!"

"साबण तू खा. पुढं."

जमनी तोवर काहीच बोलली नव्हती. डब्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "आजी, विस्तवावर ठेवलं का ते?"

"ठेवलं."

"तेलात का पाण्यात?"

"म्या काहून सांगाव सगळं? तिखटा-मिठाचं विचार."

"मीठ हाय का?"

"थोडं."

मग माझी नजर सुरभीकडे गेली. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती, जशी काही डब्यात तिची मार्कशीट होती.

"अन् तू वो?"

"मले नको," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं.

तिला वाटलं, मी पुन्हा विचारीन. मी नाही विचारलं. ममतानं आणखी दोन-तीन वाटेल ती नावं घेतली आणि शेवटी जमनी म्हणाली, "शिंगाडे. उकडलेले." झाकण उघडलं तर शिंगाडेच. पहिल्याच दिवशी हरले! मी दोघींना ओंजळ ओंजळ दिले आणि डबा बंद केला.

शिंगाडे म्हणजे सुरभीचा जीव. यवतमाळच्या बाजारात नवे नवे आलेले, मी मुद्दामच तेच उकडले होते. ती डब्याकडे पाहत राहिली. मी भांडी घासायला घेतली. ममता आणि जमनी सोलून सोलून खात होत्या.

"आजी," सुरभी म्हणाली.

"मले ऐकू नाई येत. भांडी वाजून राह्यली."

"आजी, मले शिंगाडे पाहिजेत!" पोरगी अशी ओरडली की घासतं पातेलं माझ्या हातातून सुटलं.

"मग तसं म्हण ना पहिल्यांदाच," मी म्हटलं, आणि उरलेला डबा अख्खा तिच्या पुढ्यात ठेवला.

जमनी हसत होती. म्हणाली, "आश्रमशाळेत मी गेली तवा अशीच होती. वाढणाऱ्या मावशीनं भात विचारला की नको म्हणो. आमच्या पोडावर तसंच शिकवलं. पण पोट्टे लय, मावशी एकटी. ती पुढं निघून जाये. मग आपण होऊन थाळी पुढं कराले शिकली. घराची आठवण येतेच, पण उपाशी पोटी जास्त येते."

सुरभी तिच्याकडे बघत राहिली, तोंडात शिंगाडा.

त्यानंतर रोज सांजच्याला खोलीत पोरी येऊ लागल्या. कधी दोघी, कधी जास्त. दसऱ्याच्या आधी शहरभर दुर्गेचे मंडप लागले, लाऊडस्पीकर सुरू झाले, तरी आमची भुलाबाई चालूच. खाऊ ओळखून झाला की त्या तिथंच पुस्तकं पसरायच्या. ममताला इंग्रजी चांगलं यायचं, पण आकडेमोड आली की ती पाणी प्यायला उठायची. सुरभीचं गणित पक्कं. जमनी कोणतीही गोष्ट सुरवातीपासून धरायची आणि सोडायची नाही. मी म्हणायचे, तुम्ही तिघी मिळून एक शहाणी पोरगी होते. त्या म्हणायच्या, आणि तुम्ही एकट्याच चार सासवा.

खाऊ मी रोज अवघड करत नेला. सुरभी आता विचारत होती, पण वाटेल ते. "गोड हाय का? मोठं हाय का? तुम्ही केलं का?" चुकायची, बाकीच्या खिदळायच्या, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की चुकल्यावर ती मान खाली घालत नाही. तीही खिदळते.

मग मी माझा हुकमाचा डबा काढला. ज्वारीच्या लाह्या जात्यावर दळणं आता कोणाकडे होत नाही, मिक्सरमध्ये केल्या. त्यात पिठीसाखर. पांढरी शुभ्र पूड. डबा हलवला तर आवाजच नाही. पोरींनी कान लावले.

"रिकामा हाय," ममता म्हणाली. "आजी फसवून राह्यली."

"रिकामा डबा हलवायले मी काय पुढारी हाय? विचारा."

ममतानं नावं घ्यायला सुरवात केली, तर सुरभीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब. नावं नको घेऊ. आधी मोठं विचारू." मग माझ्याकडे वळली. "पातळ हाय का?"

"नाई."

"तुकडे हायेत?"

"नाई."

"मंग पूड हाय." ती जरा पुढं सरकली. "पाण्यात टाकली त विरघळन?"

"अर्धी विरघळन, अर्धी नाई."

"मंग दोन गोष्टी हायेत!" तिचा आवाज चढला. "विरघळणारी गोड हाय?"

"हाय."

"साखर. एक झाली. दुसरी कच्ची का भाजलेली?"

"भाजलेली."

"कढईत तेल?"

"नाई."

"धान्य?"

मी उत्तर द्यायच्या आधीच तिनं जमनीचा दंड धरला. "फुटून पांढरं होते ते काय? लाह्या! लाह्याचं पीठ अन् साखर!"

मी झाकण उघडलं. माझा लाह्याचा डबा आजवर कोणी फोडला नव्हता. माझ्या सख्ख्या नणंदेनं एक अख्खी संध्याकाळ घालवली होती त्यावर, आणि ती काही कमी आगाऊ नव्हती.

पण सुरभीनं खाऊला हातच लावला नाही. तिनं पिशवीतून तो तक्ता काढला, जमिनीवर पसरला आणि त्यावर बोट फिरवू लागली. "ममता, पाय ना. हे वरचे प्रश्न म्हणजे मोठे प्रश्न. पाण्यात विरघळते का. जाळली त धूर कसा. सोड्याच्या पाण्यात फसफसते का. आपण काय करून राह्यलो, एकदम खालची नावं पाठ करून राह्यलो. नावं कायले घेता? आधी विचारा त खरं पुडीले!"

"पुडीले विचाराचं," ममता म्हणाली. "अन् पुडी एकदाच सांगते का पुन्हा पुन्हा?"

"पुडी तुझ्यावाणी नाई. विचारलं तेवढंच सांगते."

लाह्याचं पीठ मी एकटीच खाल्लं त्या दिवशी. हरलेल्या बाईला तेवढं तरी पाहिजे.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नाही, ममतानं करून दाखवली. माझा पदर डोक्यावर घेऊन आधी मॅडम झाली, मग सुरभी, मग अख्खा वर्ग. मॅडमनं तास संपताना विचारलं, समजलं का. सगळे म्हणाले, येस मॅडम. आणि सुरभी उभी राहिली. हात वर करायचं विसरली, एकदम उभीच राहिली, आणि आवाज शिंगाड्याच्या दिवसाचा. "मॅडम, मले नाई समजलं! पुन्हा सांगा!"

वर्ग हसला. समोरच्या पोरींनी मागं वळून पाहिलं. पण ही बसली नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग मागच्या बाकावरून विक्की नावाचा पोट्टा म्हणाला, मॅडम, मलेही नाई समजलं. मग एक, मग दुसरी, मग अर्धा वर्ग. समोरच्या पोरींतल्या दोघीही!" ममतानं पदर सारखा केला, कमरेवर हात ठेवला आणि मॅडमचा आवाज काढला. "मॅडमनं खडू खाली ठेवला अन् काय म्हणे माहीत हाय? म्हणे, मंग इतके दिवस हो-हो काहून करून राह्यले होते बाप्पा? आजी, मॅडमले आपली बोली येते! ती आपल्या डेहणी गावाकडचीच निघाली!"

मॅडमनं तो धडा पुन्हा घेतला, अर्धा इंग्रजीत, अर्धा आपल्या बोलीत.

कोजागिरी आली आणि सकाळीच गोपाल गाडी घेऊन दारात. गाडीत सुताचा मोठा दोर. गादी बांधायला आणलेला. बापाची तयारी पाहा! सुरभी परीक्षेला गेली होती. मी त्याला चहा दिला आणि ज्वारीची धांडं, म्हणजे लांब ताटं, पुढ्यात टाकली. त्या दिवशी भुलाबाईला पाच धांडांचा मांडव करतात.

"बसल्या बसल्या हे बांध."

"कशानं बांधू? सुतळी कुठं हाय?"

"दोर आणला ना एवढा? त्यानं बांध."

"आई, तो गादीले आणला."

"मग कोजागिरीच्या दिवशी गादी बांधते का कोणी? कापून घे."

त्यानं दोर कापला. तेवढ्यात वामनरावांचा फोन आला. परीक्षेचं विचारायला म्हणून केला आणि विचारलं काय, तर लोणच्याची बरणी कुठं आहे. मी सांगितलं, सुनेला विचारा. म्हणाले, विचारलं, ती म्हणाली आणू का, मी नको म्हटलं. या माणसाचं आता काही होणार नाही.

मांडव पुरा झाला, दुपार कलली, आणि सुरभी आली. चप्पल काढली, हातपाय धुतले, भुलाबाईपुढं बसली. तोंडावर काहीच नाही. गोपाल उठून उभा राहिला.

"काय झालं वो?" मी म्हटलं.

"ओळखा," ती म्हणाली.

"सुरभी, थट्टा नको करू. बाप सकाळपासून..."

"विचाराची मुभा हाय. झाकणाले हात नाई लावाचा."

माझीच पोरगी! गोपालनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी तोच चाचरत म्हणाला, "पूड... पांढरी होती का?"

"पांढरी."

"मग... विरघळली?"

"गार पाण्यात नाई. सोड्याच्या पाण्यात टाकली त फसफसली."

"फसफसली म्हणजे चांगलं का वाईट?"

"म्हणजे आम्ल निघालं, बाबा. मग एक थेंब टाकला अन् आजीच्या लुगड्यावाणी जांभळा रंग आला. तवा समजलं." तिला आता दम निघेना. "आजी, तुमच्या टाचेच्या कुरुपाले मलम लावतो ना, त्यातलं आम्ल. सॅलिसिलिक. म्या बरोबर ओळखलं! मॅडमनं तोंडीही घेतली. एक प्रश्न नाई आला, म्या म्हटलं, मॅडम, हे मले नाई येत, सांगा. तिनं सांगितलं. मग दुसरा विचारला, तो आला. जमनीचंही बरोबर आलं. ममतानं घाईत आधीच नाव घेतलं, पण मग पुन्हा सुरवातीपासून केलं अन् निघालं."

"मग लेखीचं?" मी विचारलं. मी अशी सहजी हरखत नाही.

"लेखी दिवाळीनंतर. ते अवघडच हाय. पण मी इथंच राहतो." मग बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, गादी नका नेऊ."

गोपालचे डोळे भरले. "दोर तर कापलाच तुझ्या आजीनं," तो म्हणाला.

सांजच्याला खोलीत उभं राहायला जागा नव्हती. पोरींनी डेहणकर मॅडमलाही बोलावलं होतं. साधी बाई, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. खाली सतरंजीवर मांडी घालून बसली, टिपऱ्या वाजवल्या, खाऊ ओळखायला लागली आणि चारदा चुकली. पोरींना कोण आनंद! चंद्र समोरच्या गच्चीवर आला. गॅसवर दूध आटत आलं होतं, चारोळी-वेलची घातलेलं. मी वाट्या भरल्या. मॅडमनं वाटी अशी संपवली की तळाचा केशराचा धागाही राहिला नाही.

"मॅडम, आणखी घ्या," मी म्हटलं.

"नको नको," मॅडम म्हणाली.

मी पळी पातेल्यात ठेवली आणि पातेल्यावर झाकण.

मॅडम बघत राहिली. वाटी तिच्या हातात तशीच. गोपालनं मला कोपर मारला, "आई, अगं पाहुण्याले असं..." सुरभी एका हातानं तोंड दाबून हसत होती, जमनी भुलाबाईकडे तोंड करून, आणि ममताला तर ठसका लागला.

"काय झालं वो पोट्ट्यांनो?" मॅडम म्हणाली.

"मॅडम," सुरभी म्हणाली, "आमची आजी एकदाच विचारते."

मॅडमला समजायला वेळ लागला नाही, शिकलेली बाई. ती मोठ्यानं हसली आणि हात लांब करून वाटी माझ्या पुढ्यात धरली.

"द्या बाप्पा," म्हणाली. "भरून द्या."

मी भरून दिली.